कुणाचा गाडा मागं पडला?

आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांशी वाद घालून हरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. जो येई तो जिंकूनच जाई. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, यंदा पाऊस लवकर लागणार, की सर म्हणायचे, लागंल की. पाच मिनिटांनी दुसरा म्हणाला, छे, यंदा मृग कोरडाच जातोय, की त्यालाही, जाईल की. मग दोघं मिळून त्यांच्यावर तुटून पडायचे, की अहो सर, तुमचं स्वतःचं असं काही म्हणणं आहे का नाही? सर बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "हाय की. पण माझ्या म्हणण्यानं पाऊस थोडाच येनाराय?" मला त्या काळात या माणसाचा मनापासून राग यायचा. कणा नाही, असं मी त्यांच्या पाठीमागं दोनदा म्हणालो होतो आणि तोंडावर एकदा. तोंडावर म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "नसंल. कवा बघितला न्हाई."

मी पिंपळवंडीच्या बाजूच्या त्या शाळेत गणित शिकवायला गेलो तेव्हा तिशीत होतो, आणि मला खरं ठरायची खाज होती. खाजच म्हणायची, दुसरा शब्द नाही. एसटीच्या कंडक्टरला मी टप्पे मोजून दाखवले आहेत. वर्गातल्या फळ्यावरचा कुणाचातरी सुविचार खोडून तो चूक कसा आहे हे पोरांना समजावलं आहे. एवढंच काय, माझ्या लग्नात अंतरपाटाआडून मी भटजींना माझं घड्याळ दाखवून सांगितलं होतं की मुहूर्त टळून दोन मिनिटं झाली. बायको अजून म्हणते, तेव्हाच हार टाकून पळायला हवं होतं.

ती पळाली नाही. पुढं एकदा मात्र खरंच निघून गेली, मुलीला घेऊन. आज माझ्या घरात दिवेलागणीला चार माणसांचा आवाज असतो, तो त्या पी.टी.च्या सरांच्या कृपेनं. नेमकं सांगायचं तर त्यांच्या एका धडधडीत खोट्यानं. ते सांगायलाच बसलोय, पण आधी माणूस सांगायला हवा.

माणूस म्हणजे पांढरी पँट, खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिटी. ही शिटी लग्नातही असायची. काखेत एक जुना टॉवेल, आणि खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. कुणाचं भांडण पेटलं की सर मध्ये न पडता दोघांच्या हातावर शेंगदाणे ठेवायचे. तोंड चावायला लागलं की ओरडता येत नाही, एवढं त्यांचं शास्त्र होतं. मला ते पोरकट वाटायचं. तरी शेंगदाणे मी खायचो.

एकच जागा अशी होती जिथं हा माणूस तसूभर हलत नसे. ती म्हणजे घाट. घाट म्हणजे आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीचा चढ. चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी यात्रा, आणि यात्रा म्हटली की गाडे पळायचेच. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची रेघ बैलांनी ओलांडली की बंद. समजा बारा सेकंदांच्या आत आला तर गाडा पहिल्या नंबरात, एक दशांश जरी वर गेला तर दुसऱ्यात. ते घड्याळ आमच्या सरांच्या हातात असायचं. वीस-पंचवीस गावं त्यांना बोलवायची. मधली बंदीची वर्षं सोडली तर चैत्रात हा माणूस रविवारी घरी सापडत नसे.

एका यात्रेला त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा गाडा होता. वर्षभर बैलांना पोराच्या तोंडचं काढून खाऊ घातलेलं. बैल असे काही आले की माणसांनी फेटे उडवले, हलगी सुरू झाली, मेहुण्यानं भंडारा उधळला. सरांनी घड्याळ पाहिलं आणि माईकवाल्याला सांगितलं, बारा सेकंद आणि वर एक. सगळा घाट त्यांच्या अंगावर आला. दोन पुढारी आले, समजावणीचे सूर झाले, धमकीचे झाले. सर घड्याळ पुढं करून उभे. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांत एकदा तरी कणा दिसला.

खरी गंमत पुढं. संध्याकाळी सर त्याच मेहुण्याच्या घरी जेवायला गेले, न बोलावता, आणि मलाही ओढून नेलं. मेहुणा जेवणभर बोलत होता. तुमची नजर गेली, तुमचं बोट जड झालंय, घड्याळाचा सेल उतरलाय, तुम्हाला बायकोच्या माहेरचं बरं बघवत नाही. सर पुरणपोळीवर दूध ओतून घेत सगळ्याला मान डोलवत होते. नजर गेली? आसंल, वय झालं. बोट जड? आसंल राव, संधिवात हाय. शेवटी मेहुणा म्हणाला, मग नंबर बदला. तेव्हा सर म्हणाले, "मला काय म्हणायचं ते म्हना. नंबर दुसराच." आणि आणखी एक पोळी मागितली. मेहुणा हसलाच शेवटी, काय करणार.

मी परत येताना त्यांना विचारलं, नजर चांगली असताना गेली कशाला म्हणालात? म्हणाले, त्यानं त्येला बरं वाटलं, माझं काय गेलं. मी गाडीवर मागं बसून नारायणगाव येईपर्यंत त्यांना तत्त्व समजावत होतो. त्यांनी सगळं पटल्यासारखं ऐकून घेतलं.

त्यांच्या घरातली एक गोष्ट तर आमच्या स्टाफरूममध्ये वर्षभर पुरली. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या मिसेसच्या, माहेरची यात्रा गुरुवारी होती. काकू म्हणाल्या, बुधवारी. आता त्या यात्रेत घड्याळ धरायला खुद्द सरच जाणार होते, पत्रिका त्यांच्या खिशात होती. पण काकूंनी तिथी सांगितली, भावानं फोनवर काय म्हटलं ते सांगितलं, आणि सरांनी बुधवारी पहाटे गाडी काढली. ओतूरच्या पुढं त्या गावी पोचले तर सगळीकडं शुकशुकाट, मंडपवाले बांबू पुरत होते. काकू ओशाळल्या. सरांनी देवाला नारळ फोडला, सासुरवाडीत भाकरी खाल्ली, दुपारी ताणून दिली आणि दुसऱ्या दिवशी घाटावर सगळ्यांच्या आधी हजर. आम्ही खो-खो हसलो. मी म्हणालो, सर, पत्रिका दाखवायची ना. ते म्हणाले, "दावली आस्ती तर मी खरा ठरलो आस्तो आन् तिला माहेर एकच दिवस मिळालं आस्तं. दोन दिवस आयशीपाशी बसली." त्यावर हसणं जरा कमी झालं. आमच्या शिक्षिका तर अजिबात हसल्या नाहीत.

सहलीला आहुप्याला गेलो होतो तेव्हाचं माझं स्वतःचं. देवराईकडं जायची वाट डावीकडं, असं मी म्हणालो, मोबाईलमधला नकाशा दाखवून. सरांचं बालपण त्या डोंगरात गुरं वळण्यात गेलेलं. ते म्हणाले, चला. अर्धा तास चालून आम्ही भलत्याच जागी कड्यावर निघालो. मी मोबाईल वरखाली करतोय. सर म्हणाले, हितनं कोकण झकास दिसतंय, पोरांनी कवा बघितलं व्हतं. मात्र त्याआधीच शिटी वाजली होती आणि सगळी पोरं कड्यापासून दहा हात मागं ओळीनं बसवली गेली होती. एका शिक्षकानं फोटोसाठी पुढं जाऊ का म्हणून विचारलं तर सरांनी असा काही आवाज लावला की तो फोटोच विसरला. तिथं 'आसंल की' नव्हतं. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की मी वाट चुकलो ते यांना आधीपासून माहीत होतं, आणि त्याचाही मला रागच आला.

आता मोटरीचं.

उन्हाळ्यात सकाळची शाळा. मी पावणेसातला घरून निघायचो, बायको आठला मुलीला घेऊन तिच्या शिवणाच्या क्लासला जायची. त्या दिवशी लाईट गेली होती. आमच्याकडं एक सवय सगळ्यांना असते: लाईट आली का बघायला मोटरीचं बटण दाबून बघायचं, नाही आली की हात झटकून आपल्या कामाला लागायचं. बटण तसंच चालू राहतं. मग घरात कुणी नसताना लाईट येते आणि मोटर आपली सुरू होते. त्या दिवशी तशीच झाली. टाकी भरून दीड तास वाहिली आणि पाणी गेलं ते शेजारच्या मावशींच्या अंगणात, खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या कुरडया. पार लगदा. मावशी दारात बसून रडल्या हो.

चूक कुणाची? बायको म्हणाली, तुम्ही बटण चालू ठेवून गेलात. मी म्हणालो, तू. खरं तर दोघांनी मावशींना हात जोडून विषय मिटवायचा. पण मी गणिताचा मास्तर. मी फुलस्केप कागद घेतला. गिरणीवाल्याला विचारून आलो, लाईट साडेसातला गेली होती. मी निघालो पावणेसातला, तेव्हा लाईट होती. मी मोटर चालू सोडली असती तर वीस मिनिटांत, म्हणजे सातच्या सुमारास टाकी वाहिली असती, बायको घरात असतानाच. वाहिली नाही. म्हणजे मी बंद करून गेलो होतो. म्हणजे बटण साडेसातनंतर दाबलं गेलं, आणि साडेसातनंतर घरात मोठं माणूस एकच होतं. हे मी लिहून काढलं आणि मावशींच्या ओट्यावर, मावशी आणि त्यांच्या दोन्ही सुनांच्या देखत, बायकोला वाचून दाखवलं. खाली 'म्हणून सिद्ध' असंही लिहिलं होतं. आज आठवलं की अंगाला काटा येतो, पण लिहिलं होतं.

बायको उठून घरात गेली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर घराला कुलूप. ती मुलीला घेऊन निरगुडसरला, माहेरी गेली होती. चिठ्ठीत एकच ओळ होती: तुमच्या खऱ्यासंगं ऱ्हावा.

मी गेलो नाही आणायला. का जावं? मी खरा होतो. आठ दिवस गेले, पंधरा गेले. फोन केला तर सासरे उचलायचे, मुलीशी बोलणं करून द्यायचे आणि ठेवायचे. गावाकडून आई फोनवर समजावून थकली. विसाव्या दिवशी प्राथमिक शाळेच्या बाई मला बाजारात भेटल्या आणि चाचरत म्हणाल्या, सर, वहिनींचा फोन आला होता, मुलीचा दाखला मागितलाय. जूनपासून तिकडच्या शाळेत घालणार म्हणाल्या.

माझ्या हातातली पिशवी मी तिथंच विसरून आलो. दाखला निघाला म्हणजे पोरगी गेली, आणि पोरगी गेली म्हणजे सगळंच गेलं, एवढं गणित मला येत होतं. दुसऱ्या दिवशी मैदानावर सर चुन्याच्या रेघा मारत होते. मी त्यांच्यापुढं तो फुलस्केप कागद धरला. म्हणालो, तुम्ही सेकंदाचा निवाडा करता, सांगा कोण खरं आहे.

सरांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. म्हणाले, "तुमची टाकी म्या बघितलीय, पंधरा मिंटात भरती. वीस लिवलंय. तरी बी तुमचंच बरूबर हाय. पैला नंबर." माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मंग काल जेवण कुणी केलं?"

मी म्हणालो, मीच. खिचडी.

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि म्हणाले, उद्या सुट्टी हाय, गाडी काढा, मी बी येतो माझ्या गाडीवर. वाटेत त्यांनी मला एक अक्षर शिकवलं नाही. मंचरला थांबून मुलीसाठी खाऊ घेतला तेवढाच.

निरगुडसरला सासऱ्यांनी "या पावणं" म्हटलं, पण उठले नाहीत. सासूबाईंनी पाणी आणून ठेवलं. मुलगी धावत आली ती माझ्याकडं येता येता थांबली आणि आईकडं बघायला लागली. बायको आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी घरून निघताना तीन वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवेना.

मग सरांनी घसा साफ केला आणि सासऱ्यांना म्हणाले, "पावणं, मी माफी मागाया आलोय. त्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या घरी आलतो, मैदानावर पाणी मारायला पाइप न्यायला. घरात कुणी न्हवतं. लाईट आली का म्हनून बटण दाबलं, आन् तसंच ठिवून गेलो. कुरडया माझ्यापायी भिजल्या. ह्या दोघांचा काय दोष न्हाई."

खोटं! सरळ सरळ खोटं. त्या दिवशी सर साडेसहापासून शाळेत होते. हजेरीपटावर त्यांची सही माझ्या सहीच्या वर होती, प्रार्थना त्यांनी घेतली, पहिल्या तासापासून शाळा सुटेपर्यंत ते मैदानावर कवायत घेत होते, आणि आमच्या घरात पाइप नव्हताच. चार पुरावे एका दमात माझ्या जिभेवर येऊन बसले. 'सर, तुम्ही तर' इथपर्यंत शब्द दातांशी आले होते. आणि मला दिसलं की बायको सरांकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मी आता काय करणार हे तिला सात वर्षांच्या संसारानं पाठ होतं, आणि ती त्याचीच वाट बघत होती.

सासऱ्यांनी मला विचारलं, "खरं का पावणं?"

मी म्हणालो, "हो. सर आले होते."

एवढं बोलायला मला जे पडलं ते मला ठाऊक. सासऱ्यांनी सरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. म्हातारा काय कच्चा नव्हता, त्यांच्या मिशा जरा हलल्या. म्हणाले, मग त्या बाईच्या कुरडया भरून द्या म्हणजे झालं. बायको आत गेली. बऱ्याच वेळानं चहा आला, आणि चहानंतर तिची बॅग.

सरांनी खरंच कुरडया भरून दिल्या. काकूंना काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात काकूंनी दोन किलो गव्हाच्या कुरडया घातल्या आणि सर डोक्यावर पाटी घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले. मावशी शेवटपर्यंत गावभर सांगत होत्या, पी.टी.चा मास्तर लई वेंधळा हो, दुसऱ्याच्या घरात शिरून बटणं दाबतो. सरांसमोरही म्हणायच्या. सर म्हणायचे, व्हय मावशी, ध्यान ऱ्हात न्हाई.

मी त्यांना शाळेत गाठून विचारलं होतं. घाटात तुम्ही सख्ख्या मेहुण्याला एक दशांश सोडत नाही, आणि तिथं बसून एवढं खोटं बोललात? त्यांनी माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. म्हणाले, "घाटात मी खोटं बोललो तर कुणाचातरी गाडा मागं पडतो. हितं कुणाचा गाडा मागं पडला, सांगा."

मी दोन दिवस विचार केला. कुणाचाच नव्हता पडला. त्यानंतर भांडायला तोंड उघडलं की हा प्रश्न आधी आडवा येतो. कधी उत्तर मिळतं, मग मी भांडतो, चांगला कडाकडा भांडतो. एका पोराचे मार्क चुकून कमी लागले होते तेव्हा मी बोर्डापर्यंत गेलो होतो. पण बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, आणि मग मी आपला चहा पितो. धाकटी आमच्याकडं त्यानंतर दोन वर्षांनी झाली. तिला हे सगळं पुराणातलं वाटतं.

सर रिटायर झाले तोवर घाटात सेन्सरची घड्याळं आली होती. त्याचं त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही जपून बोलायचो, तर हेच खूश. आता शिव्या मशिनीला बसत्यात, म्हणायचे. सर गेले त्याला दोन वर्षं होतील. दहाव्याला मेहुणा माझ्याशेजारी बसून ढसाढसा रडला आणि म्हणाला, माझा गाडा पहिलाच होता हो. मी म्हणालो, होता. सर, तुमचे उपकार मी जिवंतपणी कधी बोलून दाखवले नाहीत. तुम्ही बोलू दिलं नसतंत हेही खरं, पण मी प्रयत्नही केला नाही, याची रुखरुख आहे.

त्या दिवशी निरगुडसरहून निघताना मुलगी हट्ट करून सरांच्या गाडीवर बसली आणि सर तिला घेऊन पुढं गेले. मागं आम्ही दोघंच. मंचर आलं, गेलं. बायको मागं बसून होती, मध्ये बॅग. कळंबच्या पुढं तिनं माझ्या पाठीशी तोंड आणलं आणि म्हणाली,

"मोटर मीच ठिवली व्हती चालू. लाईट आली का बघायला बटण दाबलं आन् इसरले. तुमी वट्यावर कागद वाचत व्हता तवाच मला आठवलं व्हतं."

बावीस दिवस मी याच वाक्यासाठी अडून बसलो होतो. चारचौघांत, माझ्या आईसमोर, तिच्या बापासमोर, कुठंतरी ते मला मिळायला हवं होतं. आणि आता मिळालं तर मला गाडी चालवता येईना. मी बाजूला घेतली. रस्त्यावरून ट्रक जात होते. मान न वळवता मी म्हणालो, "तू कशाला ठेवशील? सरांनी ठेवली होती."

मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दाखला नको म्हनून बाईंना तुमी सांगताय का मी सांगू?"

तू सांग, म्हणालो आणि गाडीला किक मारली.